टोपीवाला उशिरा उडतो

कवळीमामांच्या हातचे दात तोंडात घेऊन फिरणारी माणसं त्या भागात इतकी आहेत, की कुठल्याही घरचा मोठा फोटो काढा, त्यातलं निम्मं हसू मामांनी घडवलेलं निघतं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेऊन साचा पाठवतात आणि मामा घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यावर कवळी तयार करतात. खोलीत फळ्यांवर रांगेनं जबडे मांडलेले असतात. नवीन माणूस आत आला की सगळे मिळून आपल्यालाच हसतायत असं वाटून आधी स्वतःच्या शर्टाची बटणं तपासतो. सगळं जग त्यांना मामा म्हणतं, त्यामुळे त्यांच्या बायकोला मामी व्हावं लागलं. याबद्दल आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, असं त्या अधूनमधून बोलून दाखवतात.

मामांच्या कामाची एक रीत आहे. कवळी बसत नाही अशी तक्रार आली, की दुसरे कारागीर म्हणतात, जबडाच वाकडा आहे. मामा तसं कधी म्हणत नाहीत. "तोंड त्याचं आहे, ते तसंच राहणार. घासायचं आपण," असं म्हणून बारीक कानस घेतात, थोडं घासतात, बसवून बघतात, पुन्हा थोडं घासतात. समोरचं बदलेल अशी अपेक्षाच नाही. या रीतीनं त्यांचं नाव झालं, आणि याच रीतीनं त्यांना कॉम्प्युटरसमोर अक्षरशः रडकुंडीला आणलं.

झालं असं, की ताईचा फोन आला. ताई म्हणजे मामांची थोरली बहीण, दुसऱ्या गावी राहते, आणि जगात मामांना 'ढब्या' म्हणणारी आता ती एकटीच उरली आहे.

"ढब्या, तो आपला गेम आहे का रे अजून?"

"आहे की. चालतो पण."

गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. दोघं शाळेत असताना घरात आलेला. त्यात एक टोपीवाला माणूस असतो. तो गुहांमधून पळतो, सरकत्या फळ्यांवरून उड्या मारतो, आणि शेवटच्या गुहेत एका हलत्या पुलापलीकडे एक बंद दार असतं. मध्येच थांबून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे खेळायची सोय त्यात नाही. टोपीवाला खड्ड्यात पडला की पुन्हा पहिल्या गुहेपासून. ताई त्या पुलापर्यंत पोचणारी घरातली पहिली. पण दार काही तिच्याच्यानं उघडलं नाही, आणि मग ती नोकरीला दुसरीकडे गेली. ती गेल्यावर एका सुट्टीत मामांनी ते उघडलं. घरात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं, आणि भानगड नेमकी तिथेच झाली. तेव्हापासून भाऊबहीण भेटले की जेवणाची ताटं वाढेपर्यंत एवढाच विषय. "नाही उघडलंस." "उघडलं." "काय होतं आत?" "ते सांगत नाही, तू स्वतः उघड." "बघा, सांगता येत नाही, म्हणजे नाहीच उघडलं."

"मला ते दार उघडलेलं बघायचंय," ताई म्हणाली.

"मग ये की इकडे."

"कशी येऊ? पुढच्या महिन्यात अंगठ्याचं ऑपरेशन आहे. सांधा गेलाय. साधं बटण दाबलं जात नाही. म्हणजे मी काही आता ते दार उघडत नाही, हे नक्की झालं. निदान बघते तरी. तू खेळ, रेकॉर्ड कर आणि पाठव. हात बांधून पडलेली असेन तेव्हा बघत बसेन."

"इंटरनेटवर टाकलं असेल की कुणीतरी."

"कुणीतरी उघडलेलं घेऊन मी काय करू? तू उघडलंस म्हणतोस ना? मग तू दाखव."

मामा हसले, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ कानस हातात घेऊन नुसतेच बसून राहिले. 'हे नक्की झालं' हे वाक्य ताईनं भाजी संपल्याचं सांगावं तितक्या सहज टाकलं होतं. ते काही केल्या त्यांच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी ते कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदारानं काडेपेटीएवढी एक डबी दिली. एका बाजूला पिवळं, पांढरं, लाल अशी तीन भोकं, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटरमध्ये खुपसायचं टोक. "गेमच्या वायरी इकडे, हे टोक तिकडे. लावलं की झालं, मामा." दुकानदाराचे वरचे दात मामांच्याच हातचे होते. आपण घडवलेल्या दातांमधून इतकं सफाईदार खोटं बाहेर पडेल, असं मामांच्या मनातही आलं नाही.

घरचा कॉम्प्युटर लेकीच्या शिक्षणासाठी घेतलेला. लेक शिकून नोकरीला लागली, निघून गेली, आणि तो जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला पेन्शनीत निघाल्यासारखा बसून होता. मामांनी डबी लावली. कॉम्प्युटरमधून मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज आला आणि चित्राच्या जागी काळोख. मामांनी पिवळी वायर पांढऱ्या भोकात घातली होती. ती काढून पिवळ्यात घातली. मधमाश्या गेल्या, टोपीवाला आला, पण काळापांढरा, आणि खालून वर सरकत राहणारा. जणू कुणी त्याला दोरीला बांधून विहिरीतून शेंदत होतं. मामांनी दुकानदाराला फोन लावला.

"तुमचा गेम जुना आहे ना मामा, मग सेटिंगमध्ये टीव्हीची पद्धत बदला."

"कुठली ठेवू?"

"एकेक करून बघा. एक कुठली तरी बसेल."

हे मामांना पटलं, कारण हे घासण्यातच मोडत होतं. त्यांनी एकेक पद्धत लावून पाहिली. टोपीवाला आधी हिरवा झाला, मग चपटा झाला, मग एकाचे दोन झाले, आणि शेवटी एकदाचा माणसासारखा रंगीत होऊन जागेवर उभा राहिला. मामांनी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. खेळ सुरू झाला. तिसऱ्या गुहेत कॉम्प्युटरनं जागा संपल्याची पाटी दाखवली आणि रेकॉर्डिंग बंद पडलं.

"जागा संपली म्हणजे काय?" मामा म्हणाले. "आत आहे तरी काय?"

आत मामींचे फोटो होते. लेकीच्या सहलींचे, नातेवाइकांचे, आणि एकाच जेवणावळीचे इतके, की त्यातलं पान वाढल्यापासून उचलेपर्यंत सगळं दिसावं.

"या फोटोत सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत. हा काढू?"

"काढू नका. त्यात माझी साडी नीट आलीय."

मामी पाणी खात्यात तक्रारींच्या फोनवर बसतात. दिवसभर लोक त्यांना नळ का नाही आला म्हणून फैलावर घेतात आणि त्या शांतपणे ऐकून घेतात. तो शांतपणा ऑफिसातच संपत असल्यामुळे घरी फारसा पोचत नाही. शेवटी बरीच घासाघीस होऊन, ज्या फोटोंत मामी नाहीत ते काढायचे, असा तह झाला.

मग खरी परीक्षा सुरू झाली. गेमची वायर एक, ती एकतर टीव्हीत जाणार नाहीतर डबीत. डबीत गेली, म्हणून मामा कॉम्प्युटरच्याच पडद्यावर बघून खेळायला बसले. आणि टोपीवाला पहिल्याच गुहेत, पहिल्याच खड्ड्यात पडला.

मामांना वाटलं, सवय मोडलीय. दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा पडला. हा खड्डा मामा शाळेत असताना तोंडात घास ठेवून, मान मागे वळवून आईशी बोलत ओलांडत असत. त्या दिवशी टोपीवाला त्यात इतक्यांदा पडला, की खड्डा भरून यायला हवा होता.

"वय झालं आता," मामी भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "पोरांचे खेळ ते."

त्यांनी हे सहज म्हटलं, पण मामांचा चेहरा उतरला. कवळी करणाऱ्याचं पोट हातावर असतं. हात मंद झाला म्हणजे काय झालं, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. ते उठून पुढच्या खोलीत गेले. मेणाच्या पट्टीवर समोरचे सहा दात एका दमात बसवले. ओळ रेखल्यासारखी नीट आली. पुन्हा मोडून पुन्हा बसवले. पुन्हा तशीच. मामांनी हात दिव्याखाली धरून उलटेसुलटे करून पाहिले. हात ठीक होते. मग पडतो कसा हा मेला?

ते परत आले आणि या वेळी खेळलेच नाहीत. फक्त उडीचं बटण दाबलं आणि बघत राहिले. बटणाचा 'टक्' असा आवाज आला. टोपीवाला उभाच. मग, एखाद्या सरकारी कारकुनानं हाक ऐकून, चष्मा पुसून, मग मान वर करावी तशी त्यानं उडी मारली.

"अगं," मामा म्हणाले, "हा उशिरा उडतो."

"कोण?"

"टोपीवाला. मी आत्ता सांगतो आणि हा मागाहून उडतो. चित्र त्या डबीतून, मग कॉम्प्युटरातून फिरून येतंय. वाटेत उशीर होतोय."

माणसाला दुखणं कळलं की अर्धं काम होतं म्हणतात. दुसऱ्या कुणीही इथे दुकान गाठलं असतं. पण मामा पडले कवळीवाले. समोरचा उशिरा उडतो ना, मग तो तसाच उडणार. घासायचं आपण. मामांनी ठरवलं, आपणच आधी दाबायचं.

त्यानंतर रोज संध्याकाळी काम आटोपलं की मामा टेबलाशी बसत आणि खड्डा येण्याआधीच उडी मारायला शिकत. हे दिसायला जितकं सोपं, करायला तितकंच डोकं फिरवणारं होतं. डोळा म्हणतो थांब, हात म्हणतो दाबलं, आणि टोपीवाला दोघांचंही ऐकत नाही. मामांच्या नाकी नऊ आले. जेवताना ते आमटी वाढून घ्यायला वाटी जरा लवकरच पुढे करू लागले. मामी अजून डाव बुडवत असायच्या, तोवर वाटी हजर.

"आधी मला वाढू तर द्या," मामी म्हणायच्या. "तुमच्या त्या टोपीवाल्यासारखी मी काही उशिरा उडत नाही."

"मध्ये बोलू नकोस, हात बसतोय."

आणि हात बसला, हे खरं. मामा दुसरी गुहा ओलांडू लागले, मग चौथी, मग सातवी. पण जसजसे पुढे जावेत, तसतसा टोपीवाला आणखी उशिरा उडू लागला. रेकॉर्डिंग जितका वेळ चाले, तितका कॉम्प्युटर तापे, आणि तापला की त्याची आणखी टंगळमंगळ. पहिल्या गुहेत जरासा उशीर, आठव्या गुहेत चांगलाच. मामांनी हात एका मापाला घासून बसवावा, तोवर माप बदललेलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यासमोर असा जबडा आला, जो कवळी बसवता बसवताच आकार बदलत होता.

टोपीवाला आठव्या गुहेत पडला, आणि मामांनी हातातली खेळायची, बटणांची मूठ टेबलावर आपटली.

"या कॉम्प्युटरला ना, उचलून फेकून द्यावं. डबीला पण, आणि त्या दुकानदाराला पण. दात काढून घेईन त्याचे मी. हा गेम मी डोळे मिटून खेळत होतो. ताईचं ऑपरेशन आलंय तोंडावर, आणि मी इथे या ठोंब्याची मनधरणी करत बसलोय."

मामींनी भाजीची सुरी खाली ठेवली. त्या उठून टेबलाजवळ आल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या वायरींकडे त्यांनी नीट पाहिलं.

"टीव्हीवर खेळलात तर उशीर होतो का?"

"टीव्हीवर कशाला होईल? पण वायर एकच आहे. टीव्हीला लावली तर कॉम्प्युटरला काय लावू?"

"एका लाइनीवरून दोन घरांना पाणी देतात की नाही?"

मामांनी डबीतली वायर उपसून तिचं टोक हातात घेतलं.

"मध्ये एक दोन तोंडांचा तुकडा टाकायचा. एक तोंड टीव्हीला, एक तुमच्या डबीला. तुम्ही टीव्हीत बघून खेळा, तो कॉम्प्युटर मागून लिहून घेईना का, कितीही उशिरा. त्याला कुठे खड्डा ओलांडायचाय?"

दुकानात दोन तोंडांचा तुकडा होता. अगदी समोरच टांगलेला. "मामा, हा तुम्ही आधी का नाही मागितला?" असं दुकानदारानं विचारल्यावर मामांनी त्याच्या दातांकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून त्यानं पुढे बोलायचं टाळलं.

टीव्ही टेबलाजवळ आला. तुकडा बसला. चित्र जरासं अंधूक झालं. "दोन घरांना दिलं की दाब कमी होणारच," मामी म्हणाल्या. पण टोपीवाला बटण दाबल्याक्षणी उडत होता. अगदी पूर्वीसारखा. मामांनी समाधानानं मूठ हातात घेतली, रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि टोपीवाला पहिल्या खड्ड्यात पडला.

आता मामा लवकर उडत होते.

इतके दिवस घासून घासून हाताला जे शिकवलं, ते हात विसरायला तयार नव्हता. खड्डा दिसायच्या आधीच अंगठा बटणावर. टोपीवाला काठावर न पोचताच उडायचा आणि बरोबर मध्यभागी उतरायचा, जणू कुणी मोजून खड्डा तिथेच खणला होता. मामांनी कपाळाला हात लावला. घासलेलं पुन्हा भरता येत नाही, हे कवळीवाल्याला कोण शिकवणार? मामी पुढच्या खोलीत जाऊन हसून आल्या, कारण समोर हसण्यासारखी परिस्थिती नव्हती. रविवार होता, आणि सोमवारी सकाळी ताई हॉस्पिटलात दाखल होणार होती.

"आज नाही झालं तर राहू दे," मामी म्हणाल्या. "वन्संना मी सांगते समजावून."

"काय सांगशील? की ढब्याला नाही जमलं? तिला हेच तर ऐकायचंय इतकी वर्षं. आणि ऐकून तिला वाईट वाटेल, आनंद होणार नाही. तो आणखी ताप."

मामा उठले, तोंड धुऊन आले आणि खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ ओढली, की टोपीवाल्याला त्यांचा श्वास लागावा. मग प्रत्येक उडीआधी ते स्वतःला मोठ्यानं दटावू लागले. "थांब. थांब रे. अजून नाही. आता." खड्डा. "थांब. घाई कुणाला आहे? आता." दुसरा. पडले, पुन्हा सुरू. पडले, पुन्हा. दुपारचं जेवण मामींनी टेबलाच्या कोपऱ्यावर आणून ठेवलं, ते तिथेच निवलं. दुपार कलताना टोपीवाला नवव्या गुहेतून बाहेर पडला. हलता पूल आला. मामा अगदी हळू म्हणाले, "थांब," आणि इतका वेळ थांबले, की मामींनीच "आता" म्हटलं. टोपीवाला उडाला. पलीकडे उतरला. दार उघडलं.

आत एक छोटी खोली होती, आणि खोलीत एक खुंटी. टोपीवाल्यानं टोपी काढून खुंटीवर टांगली आणि खाली बसला. बस्, एवढंच.

"यासाठी?" मामी म्हणाल्या.

"दमलाय तो," मामा म्हणाले.

मग त्यांनी रेकॉर्डिंग लावून पाहिलं. चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं होतं. खेळाचं संगीत मात्र अजिबात नव्हतं. त्याऐवजी, लेकीच्या क्लासच्या वेळचा कॉम्प्युटरचा माइक चालू राहिल्यामुळे, मामांचं "थांब, थांब रे", मधूनमधून दुकानदाराचा उद्धार, मामींचं "जेवून घ्या", आणि भांडी पडल्याचा आवाज, हे सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मामांनी खुर्चीत अंग टाकलं.

"हे पाठवू मी तिला?"

"पाठवा. तुमच्या शिव्या वन्संनी ऐकल्या नाहीत असं थोडंच आहे? आणि पुन्हा खेळायला बसलात तर मी माहेरी जाईन."

पाठवलं.

ऑपरेशन नीट झालं. दोन-तीन दिवसांनी ताईचा फोन आला. एक हात कोपरापर्यंत बांधलेला, दुसऱ्याला सलाईनची सुई, म्हणून फोन तिच्या मुलानं कानाला धरलेला होता.

"बघितलंस?" मामांनी विचारलं.

"बघितलं."

"मग?"

"टोपी टांगतो होय रे तो?" ती म्हणाली. "मला वाटायचं आत खजिना असेल. हे बरं आहे. चारदा बघितलं मी."

मामांनी हातातली कानस खाली ठेवली.

"पण ढब्या," ताई म्हणाली, "हे तू खेळलास कशावरून?"

"म्हणजे?"

"पडद्यावर टोपीवाला दिसतो. तुझे हात कुठे दिसतात? आवाज तुझा आहे, कबूल. पण 'आता' म्हणाली तुझी बायको, मग उडाला तो. मूठ तिच्याच हातात असेल. तू नुसता शेजारी बसून थांब थांब करत असशील. लहानपणी मी खेळायचे तेव्हा तू तेच करायचास."

मामांनी फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा कानाला लावला. इतक्या दिवसांची डबी, मधमाश्या, हिरवा टोपीवाला, उशिरा उडणं, लवकर उडणं, सगळं एकदम डोळ्यांसमोरून गेलं. पलीकडून ताईचं हसणं ऐकू येत होतं. हसताना हात दुखत असावा, कारण मध्येच ती "आई गं" म्हणत होती आणि पुन्हा हसत होती.

"समोर बसल्याशिवाय मी मानणार नाही," ती म्हणाली. "हात सुटला की येते. तू खेळ, मी बघते."

"ये," मामा म्हणाले. "पण येशील तेव्हा वायरींना हात लावायचा नाही. कुणीच."